सलीमभाईंनी घरून लावलेले फोन

मी रिपोर्टमध्ये खोटं लिहिलं होतं.

आज दुपारी सलीमभाई गेले. आता खरं सांगून त्यांना काय मिळणार? तरी लिहितेय.

आमच्या दूध संघाचं सगळं नेटवर्क सलीमभाईंनी उभं केलं. अकोले तालुक्यापासून तिसगावपर्यंत प्रत्येक संकलन केंद्राचा राउटर त्यांनी स्वतः बसवलेला. मलाही कामाला त्यांनीच लावलं.

कुठल्याही केंद्राच्या सेटिंगला हात लावण्याआधी ते तिथे फोन करायचे.

"मशीनपाशी कुनी हाय का? जरा उभं ऱ्हा. मी बदल करतोय."

मी हसायचे. हल्ली असं कोण करतं!

मग ऑटोमेशन आलं. मीच आणलं. एका क्लिकवर सगळी केंद्रं. साहेब खूश. सलीमभाईंना सांगितलं, आता घरी आराम करा.

आणि एका सकाळी, ऐन संकलनाच्या वेळी, मी चुकीचं सेटिंग एका क्लिकवर सगळीकडे पाठवलं.

सगळी केंद्रं एकदम बंद.

लोक किटल्या घेऊन ताटकळलेले, दुधातल्या फॅटची नोंद होईना, माझ्या स्क्रीनवर नुसतं लाल. ऑफिसात बसून एकाही राउटरपर्यंत पोचता येईना. यादीतले निम्मे फोन नंबर जुने.

रडतच सलीमभाईंना फोन लावला.

"रडू नको पोरी. सेव्ह केलंस का?"

"नाही."

ही सवयही त्यांनीच लावलेली. बदल आधी चालवून बघायचा, मगच सेव्ह. सेव्ह केलेलं नसेल तर राउटर बंद करून चालू केला की जुनं सेटिंग परत येतं.

"मग काय न्हाई. बटन दाबायला तिथं मानूस पायजे फकस्त. थांब."

छातीचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता. तिसगावच्या घरात, खाटेवर बसून त्यांनी एकेका केंद्राला फोन केला. किल्ली कुणाकडे असते, तो या वेळी कुठे सापडेल, नाही सापडला तर शेजारी कोण, सगळं तोंडपाठ. लाल ठिपके हिरवे होत गेले. भंडारदऱ्याकडचं केंद्र सगळ्यात शेवटी.

मी रिपोर्ट लिहिला. 'बिघाड सिस्टीमने आपोआप दुरुस्त केला.'

घाबरले होते हो मी. नोकरी जाईल म्हणून घाबरले होते. साहेबांनी तर सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंचा फोन.

"सांगितलंस ना गं साहेबांना? घेतील का मला परत? घरी लई जीव घुसमटतो."

"सांगितलंय. विचार करतायत."

तेही खोटं.

आज त्यांच्या घरी बायकांमध्ये बसले होते. त्यांची मुलगी शबाना माझा हात धरून म्हणाली, "ताई, अब्बा मोबाईल खाली ठेवत नव्हते. अंघोळीला गेले तरी माझ्याकडं द्यायचे. म्हनायचे, ऑफिसचा फोन आला तर सांग, मी तयार हाय. तुमी बोलला हुता ना साहेबांशी?"

मी मान हलवली. होकारार्थी. त्यांच्याच घरात बसून.

साहेब, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेलच. त्या दिवशी सिस्टीमने काहीही केलं नव्हतं. एका आजारी माणसाने केलं होतं, आणि तो तुमच्या फोनची वाट बघत होता.

माझं काय करायचं ते करा.

सलीमभाई, साहेबांना सांगितलं.

फार उशीर केला मी. सलाम.