शिक्क्यासाठी पाठवलेला मास्तर

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. वडील मिठागरावर राबले. माझी डिग्री अजमानच्या फ्लॅटमध्ये फ्रेम करून टांगलेली आहे, आणि त्याची मला अजिबात लाज नाही. दुबईत ऊद मेथा भागातल्या शाळेत नव्या शिक्षकांची कागदपत्रं मी तपासते. शिक्का नसेल तर फाइल पुढे जात नाही. ‘ही बाई देवाच्या दारातही अटेस्टेड कॉपी मागेल,’ असं स्टाफरूममध्ये म्हणतात. म्हणू देत.

आमच्याकडे अरबी शिकवणारी मिस सुदानची. तिचा धाकटा भाऊ तिकडे गणिताचा मास्तर. आमच्या शाळेने त्याला ऑफर दिली. त्याच्या गावाचा फौजेने ताबा घेतलेला. शाळा बंद, पगार बंद. घरात चार मुलं गुपचूप जमवून तो शिकवायचा. डिग्रीवर गावच्या शिक्षण कार्यालयाचा शिक्का तेवढा मिळायचा राहिला होता.

“कार्यालय उघडं आहे ना?” मी विचारलं.

“उघडं आहे. पण खुर्चीत फौजेचा माणूस बसलाय.”

“कुणाचा का असेना, मिस. शिक्का मिळाला की खलास!”

तो शिक्क्यासाठी कार्यालयात गेला. मग तीन दिवस फोन बंद. मिस तास घ्यायची, घंटा झाली की माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. मी उगाच कीबोर्ड बडवत राहायचे.

चौथ्या दिवशी त्याचा व्हॉइस मेसेज आला. तिने ऐकला आणि मला सांगितला. फौजेला शाळा उघडून जगाला फोटो दाखवायचे होते, त्यासाठी मास्तर हवे होते. म्हणून गावातले मास्तर आपण मास्तर असल्याचं लपवत होते. कुणी भाजी विकत होता, कुणी स्वतःला शिपाई म्हणवत होता. हा मात्र हातात डिग्री घेऊन आपल्या पायांनी त्यांच्यासमोर उभा राहिला. डिग्री त्यांनी ठेवून घेतली. रोज सकाळी शाळेत सही करायची. एक दिवस चुकला तर वडिलांना उचलणार.

“तो लपला होता,” मिस म्हणाली. “तू त्याला बाहेर काढलंस.” तिने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी सरळ प्रिन्सिपल सरांकडे गेले. “सर, चूक माझी. तो डिग्रीशिवाय आला तरी जागा त्याचीच ठेवा. वर शिक्षण खात्याला काय लिहायचं ते मी लिहीन.”

“अहो, आधी सुटू तर द्या त्याला,” सर म्हणाले. पण जागा ठेवली.

तिकडे फोन तपासतात, म्हणून तो शाळेतून घरी पोचला की बहिणीला नुसता एक ठिपका पाठवतो. आमच्या घड्याळात दोनच्या सुमारास. एका गुरुवारी तीन वाजले तरी ठिपका नाही. शाळा सुटली, बसेस गेल्या. मी मिससाठी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. माझ्या मुलीचा मेसेज आला, “मम्मा, वेअर आर यू?” मी माझा फोन पालथा ठेवला.

पावणेपाचला मिसचा फोन वाजला. ठिपका.

मिस हसली नाही. “आजचं झालं,” म्हणाली, आणि वह्यांचा गठ्ठा उचलून निघाली.