नितीनच्या वाट्याचा ओरडा

माझ्या नावापुढे लागणारी पदवी खरी हिराजीमामाची आहे. वडील गेल्यावर आई मला घेऊन भावाकडे आली, तेव्हा मी दुसरीत होतो. तिथून पुढे पदवीपर्यंतची माझी सगळी वर्षं अलिबाग ते मांडवा रस्त्यावर धावणाऱ्या मामाच्या सहा आसनी रिक्षाने ओढली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं.

मी देश सोडला त्या सकाळी मामाने त्याच रिक्षातून मला मांडव्याच्या धक्क्यावर आणलं. त्या फेरीला त्याने दुसरा प्रवासी घेतला नाही. चोंढीच्या नाक्यावर ओळखीचे लोक हात करत होते आणि मामा नुसता हॉर्न वाजवून पुढे जात होता. मागे माझ्या बॅगांना धरून मामाचा मुलगा नितीन बसला होता. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान. धक्क्यावर मोठी बॅग उचलायला मी वाकलो, तर मामा हळूच म्हणाला, "तू नको, बाला. नितीन घेल."

मुंबईची लाँच सुटली. मी मागच्या कठड्याशी उभा होतो. डोळे भरले होते, तरी एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. परतायला रिक्षा वळवताना नितीनने ती पाण्याच्या फार जवळ लावली होती, लाटेचे तुषार तिच्यावर येत होते, आणि मामा हात नाचवत त्याच्यावर ओरडत होता. शब्द ऐकू येत नव्हते, पण ते मला पाठ होते. मध्येच दोघांनी वळून माझ्याकडे हात हलवला आणि मग मामा पुन्हा ओरडायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायला निघालेल्या मला त्या क्षणी रिक्षा चुकीच्या जागी लावणाऱ्या पोराचा हेवा वाटला.

तो हेवा आजही गेलेला नाही. खरं तर तो त्याहून बराच जुना आहे. मामाच्या रिक्षाचं काही बिघडलं की संध्याकाळी अंगणात इंजिन उघडलं जायचं. नितीन बॅटरी धरायचा. "आरं तोंडावर काय मारतोस, आत मार उजेड!" असं मामा खेकसायचा, मग दोघं कशावरून तरी हसायचे. मीही जाऊन उभा राहायचो. मामा मान वर न करता म्हणायचा, "तू जा, अभ्यास कर." मी आत जाऊन पुस्तक उघडायचो आणि बाहेरचं हसणं ऐकायचो. मामाने मला कधी ग्रीस लागू दिलं नाही. त्याचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मला कळतं. पण त्या अंगणात मला जागा नव्हती, हेही खरं आहे.

आता मी कॅनडात, विनिपेगला राहतो. नोकरी चांगली आहे. बायको स्मिता पेणची आहे, त्यामुळे घरात सुकट भाजली तर कोणी नाक मुरडत नाही. आई गेल्यावर तिकडे माझी म्हणावीत अशी हिराजीमामा आणि नितीन एवढीच माणसं उरली. आम्ही दर रविवारी बोलतो. इथे सकाळ असते तेव्हा तिथे दिवेलागण झालेली असते, आणि ती रिक्षा धुण्याची वेळ.

आमच्या किनाऱ्यावर गाडी बाळगणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. वाऱ्यातच मीठ असतं. गाडी रात्रभर तशीच ठेवली तर पत्रा फुगतो आणि दोन पावसाळ्यांत खालून चाळण होते. म्हणून मामाचा नियम असा, की शेवटची फेरी झाली की आधी रिक्षा गोड्या पाण्याने धुवायची आणि मग आपण जेवायचं. "खारं अंगावर घेऊन गाडीला झोपवू नये," असं तो म्हणतो.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मी फोन लावला. नितीनने मोबाईल पायरीला टेकवून ठेवला होता आणि तो धुवत होता. मामा खाटेवर बसून देखरेख करत होता.

"आरं चाकाच्या मागं कोन धुनार? तुजा सासरा येनार हाय?"

"आधी बायको तर बघून दे, मंग सासऱ्याला बोलव," नितीन म्हणाला.

"तुला कोन देल पोरगी? रिक्षा धुता येत न्हाय!"

नितीन मोठ्याने हसला. मीही इकडे हसलो. मग मामाला फोन चालू असल्याचं दिसलं आणि त्याचा आवाज एकदम बदलला. बँकेत साहेबासमोर उभा राहिल्यावर तो जसा बोलतो, तसा. "हां, बोल बाला. थंडी हाय का लय? जेवलास ना?"

दर रविवारी हेच दोन प्रश्न असतात. मी हो म्हणतो. मग तो म्हणतो, "बरं, काळजी घे," आणि फोन नितीनकडे देतो. नितीनकडून मला कळलं, की मामाचा गुडघा महिनाभर दुखतोय आणि डॉक्टरकडे जाण्यावरून दोघं इतके भांडले की दोन दिवस बोलत नव्हते. दोन दिवस अबोला! मामा माझ्याशी कधीच भांडलेला नाही. फोन ठेवल्यावर मी स्मिताला म्हणालो, "मी त्याचा पाहुणा झालोय." ती म्हणाली, "तुला शिव्या खायच्यात का? मी देते."

त्या दिवशी इथे जरा ऊब होती. रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून इथे मीठ टाकतात, आणि त्या चिखलातून फिरून माझी गाडी पांढरी पडली होती. दारावर बोट फिरवून मी चाखलं. खारट. माझ्या मनाने काय घेतलं ते आता सांगायला सोपं आहे. नितीन तिथे रिक्षा धुवतो, तर मी इथे माझी गाडी धुवेन, फोटो पाठवेन आणि मामाला कळेल की त्याचा नियम मीही पाळतो. बाहेरचा नळ हिवाळ्यात बंद असतो. मी स्वयंपाकघरातून कोमट पाण्याच्या बादल्या नेल्या आणि चाकांच्या मागे मगाने पाणी मारलं. खिडकीतून स्मिता म्हणाली, "रात्री पारा उतरणार आहे, बघ." मी म्हणालो, "मीठ जास्त वाईट."

इथल्या गाड्यांना पुढून एक वायर लोंबत असते. ती रात्री विजेच्या पॉइंटला लावायची, म्हणजे इंजिनला ऊब देणारा हीटर चालू राहतो. गाडी धुऊन झाल्यावर मी ती वायर लावली, सकाळी मामाला पाठवायला फोटो काढला आणि समाधानाने झोपलो.

सकाळी गाडी काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी चमकत होती. दाराची मूठ हलेना. चारही दारं रबरापाशी गोठून चिकटली होती. मागचं डिकीचं झाकण कसंबसं उघडलं आणि मी सीटांवरून सरपटत चालकाच्या जागेवर पोचलो. चावी फिरवली. कट, कट, कट. दिवे पिवळे पडले आणि पुढच्या वेळी तेवढाही आवाज आला नाही. बाहेरून स्मिता काचेवर टकटक करत होती. "आत राहायला गेलास का?"

मी तसाच मागून बाहेर आलो आणि एकेक बघायला लागलो. पेट्रोल भरपूर होतं. बॅटरीच्या तारा घट्ट होत्या. मग वायरीकडे लक्ष गेलं. तिच्या टोकाशी बर्फाचा गोळा बसला होता. मी उडवलेलं पाणी तिथे शिरलं होतं, ओल लागताच पॉइंट आपोआप बंद झाला होता आणि इंजिन सगळी रात्र उघड्यावर गारठलं होतं. गार इंजिन फिरवण्याची ताकद गार बॅटरीत नव्हती. मी वायर घरात नेऊन सुकवली, पॉइंटचं बटण दाबून पुन्हा लावली आणि बॅटरीला चार्जर जोडला. आता इंजिन ऊब धरेपर्यंत वाट बघणं एवढंच हातात होतं. ऑफिसात उशिरा येत असल्याचं कळवलं.

आणि मी मामाला फोन लावला. मला मनापासून वाटलं, की आज तो बोलेल. एवढा मोठा गाढवपणा केलाय, आज तरी बोलेल.

सगळं सांगून झालं. पलीकडे आधी नितीनला हसू फुटलं. "दादा, गाडीचा गारीगार केलास! आता काडी खोच तिला, काडी!"

"गप रं गाढवा!" मामा त्याच्यावर धावला. "शिकल्याल्या मानसाला हसतोस?" आणि मग मला, त्याच साहेबासमोरच्या आवाजात, "असूदे, बाला. तुजं चुकलं नसंल. थंडीच इपरीत. तिकडचं आमाला काय ठाव?"

चूक माझी होती आणि ओरडा पुन्हा नितीनला मिळाला.

दुपारच्या सुमाराला गाडी सुरू झाली. आधी खोकली, मग थरथरली, मग नीट चालू लागली. स्मिताने टाळ्या वाजवल्या. मी बराच वेळ स्टिअरिंग धरून बसलो होतो. घर बांधता येतं, विकत घेता येतं, आम्ही इथे घेतलंही आहे. पण चुकल्यावर आपल्यावर हक्काने खेकसणारं माणूस जिथे आहे, ते माझं घर मांडव्याच्या धक्क्यापलीकडेच राहिलंय. आणि तिथे मला खुर्ची पुसून देतात. माझ्यासारखे गाव सोडून आलेले, घरातले पहिले शिकलेले बरेच जण भेटतात. त्यांनाही कोणी ओरडत नाही. आम्ही एकमेकांना हे सांगत नाही, कारण ज्यांनी शिकवलं त्यांच्याविषयी ही तक्रार कशी करायची?

मी केली. मामा चौथी शिकलाय, सावकाश पण सगळं वाचतो. फोनवर जमलं नसतं, म्हणून कागदावर लिहून पाठवलं.

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार.

गाडी चालू झाली. थंडीचा दोष नव्हता. मी थंडीच्या रात्री गाडीवर बादल्या ओतल्या. स्मिता सांगत होती, तिचंही ऐकलं नाही. नितीनला रिक्षा धुताना बघून मला हेवा वाटला, म्हणून केलं.

तू मला हातात पाना घेऊ दिला नाहीस, म्हणून मी आज इथे आहे. हे मी विसरत नाही. पण मामा, आता माझं शिकून झालं. माझी पदवी आता कोणी काढून घेणार नाही. माझे हात काळे झाले तरी चालतील.

मे महिन्यात आम्ही येतोय. मांडव्याला गेल्या वेळेसारखी भाड्याची एसी गाडी पाठवू नकोस. तू ये. गुडघा दुखत असला तर तसं मला सांग, नितीनकडून कळवू नकोस. डॉक्टरकडे जात नाहीस यावरून मला तुझ्याशी भांडायचं आहे. आल्यावर दोन दिवस आपण बोललो नाही तरी चालेल.

आणि गाडीचं जे मी केलं, ते नितीनने केलं असतं तर तू त्याला काय काय बोलला असतास ते मला माहीत आहे. ते सगळं मला बोल. पत्र मिळाल्यावर लगेच फोन कर. नितीनला शेजारी बसव. त्याला ऐकू दे.

तुझा,
बाला