सहावी बांगडी

काल मुलीच्या हातात चुडा भरायला कापडबाजारातल्या चाचांच्या दुकानात गेले. हिरव्या काचेचा किणकिणाट कानावर पडला आणि एकदम इरफान डोळ्यांसमोर उभा राहिला. चाचांचा मुलगा, कॉलेजातला आमचा मित्र.

शेवटच्या वर्षी त्याने आम्हा मित्रमैत्रिणींसाठी खजिन्याचा खेळ मांडला होता. दुकानातल्या सहा हिरव्या बांगड्या त्याने जुन्या नगरात लपवल्या होत्या. माळीवाड्याच्या वेशीपासून दिल्ली दरवाजापर्यंत आम्ही दगडांच्या फटींत बोटं घालत दुपारभर हिंडलो. उन्हात तापलेला जुना, भुरकट चुना नखांत जाऊन बसत होता. पाच बांगड्या सापडल्या. दिवस मावळला, पाय भरून आले, तरी सहावी काही सापडेना.

"सांग ना आता, लई झालं," मी वैतागून म्हणाले.

"न्हाई सांगत. पुढच्या वर्षी परत शोधू," तो हसला.

पुढचं वर्ष यायच्या आतच नागापूरला कामावर जाताना ट्रकने त्याला उडवलं. त्यानंतर आम्ही पुन्हा कधी एकत्र हिंडलो नाही. खेळाच्या दिवशी त्या हसण्याचा राग आला होता. आता वेशीखालून जाताना तेच हसू ऐकू येतं आणि माझं बोट आपोआप एखाद्या फटीत जातं.

मुलीच्या हातात शेवटची बांगडी चढवून चाचांनी हळूच मला विचारलं, "बेटा, ती एक कुणाला घावली का गं?"

"नाही, चाचा."

"मला बी न्हाई."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांत तोच भुरकट चुना होता.