ओढतो तेवढं पेलत नाही

खोटं बोलणाऱ्या माणसाचा व्हर्ना हॉल्सेथला राग यायचा. पण हसत हसत, खांद्यावर हात टाकून खोटं बोलणाऱ्याची तिला शिसारी यायची. आणि सहा वर्षं ती अशाच एका माणसाच्या शेजारी उभी राहून भाकरी कमावत होती.

वायोमिंगमध्ये, बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याला केटलफोर्क नावाचं गाव आहे. तिथं हायवेला लागून गार्लंड बॉइसचं ट्रेलर विकायचं दुकान होतं. पुढच्या आवारात चाकांवरच्या घरांच्या रांगा आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हर्ना. ट्रकच्या हौद्यात ट्रेलर अडकवायचं कपलिंग बसवायचं, ब्रेकच्या तारा जोडायच्या, दिवे लागतात का बघायचं, हे तिचं काम. त्याआधी वीस वर्षं तिनं गुरांचे ट्रक चालवले होते. चाळीस बैल मागे एका अंगाला कलले की पाठीच्या मणक्यात कसं कळतं, हे तिला ठाऊक होतं. वजन तिला आकड्यांत नंतर कळायचं, अंगाला आधी.

विक्रीचं काम ट्रिप लँगडन बघायचा. वय बत्तीसचं, दात पांढरेशुभ्र, बूट चकचकीत. खालच्या ओठात कायम तंबाखूचा बार, आणि थुंकायला हातात सरबताची रिकामी बाटली. ती तपकिरी, कोमट बाटली तो जाईल तिथं ठेवून द्यायचा. बहुतेक वेळा व्हर्नाच्या अवजारांच्या फळीवर. ती चिमट्यानं उचलून कचऱ्यात टाकायची आणि हात कोपरापर्यंत धुवायची.

मे महिन्यात डेल्मर प्रिचेट आणि त्याची बायको आयोना आले. डेल्मरनं पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. बर्फात, वादळात, एका पोराला कधी खरचटलं नव्हतं. हे तो पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा. आता दोघांनी घर विकलं होतं. चाळीस फुटी ट्रेलर घ्यायचा आणि उरलेलं आयुष्य त्यात काढायचं, उन्हाळ्यात डोंगरात, हिवाळ्यात ॲरिझोनात. ट्रिपनं त्यांना हवा तसा ट्रेलर दाखवला होता. आत शेकोटी, कपडे धुवायचं यंत्र, दोन माणसांना बसायला आठ खुर्च्या. फिफ्थ-व्हील म्हणतात त्या जातीचा. त्याची मान ट्रकच्या मागे नाही, थेट ट्रकच्या पाठीवर बसते.

डेल्मरचा निळा पाऊण-टनी पिकअप शेडमध्ये आला. व्हर्नानं हौद्याकडे बघितलंच नाही. तिनं ड्रायव्हरचं दार उघडलं आणि दाराच्या खांबावर चिकटवलेली चिठ्ठी वाचली. माणसं आणि सामान मिळून दोन हजार तीनशे चाळीस पौंड. त्याच्या वर नाही.

"मिस्टर प्रिचेट, हा ट्रेलर या ट्रकला नाही झेपायचा," ती म्हणाली.

डेल्मर हसला. "नाही कसा? सतरा हजार पौंड ओढतो. पुस्तकात लिहिलंय."

"ओढतो ना. ओढणं निराळं, पेलणं निराळं. तुमचा घोडा गाडीभर गवत ओढून नेतो. तेच गवत त्याच्या पाठीवर टाकून बघा."

"झालं सुरू!" ट्रिप मागून आला. "मिस्टर प्रिचेट, आमच्या आजीबाईंना गाड्यांपेक्षा चिठ्ठ्या वाचायला आवडतात."

व्हर्नानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर धान्याच्या कोठारावर चला," ती डेल्मरला म्हणाली. "तिथं वजनकाटा आहे. दहा मिनिटांचं काम."

डेल्मर कुरकुरत आला, तेही आयोनानं कोपर मारलं म्हणून. टाकी भरलेली, नवरा-बायको आत, मागच्या सीटवर म्हातारं कुत्रं, हौद्यात लोखंडी कपलिंग नुसतं ठेवलेलं. काट्यानं आकडा सांगितला: आठ हजार साठ. या ट्रकनं एकंदर दहा हजारांच्या वर जायचं नाही, असं बनवणाऱ्यानंच लिहिलेलं.

"म्हणजे उरले एकोणीसशे चाळीस," व्हर्ना म्हणाली. "आता ट्रेलर. तुम्ही त्यात राहणार, म्हणजे भांडीकुंडी, पाणी, कपडे, सगळं आलं. साडेपंधरा हजारांच्या खाली तो राहणार नाही. त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा मानेतून तुमच्या ट्रकवर येतो, कधी चौथाही. तीन हजार शंभर धरा. कुठं बसवणार? मागच्या ॲक्सलवर? त्या दोन टायरांवर?"

आयोनानं काट्याची पावती हातात घेतली. "मग आम्हाला काय लागेल?"

"एक-टनी ट्रक, मागे चार टायर असलेला. नाही तर लहान ट्रेलर."

"बाई," डेल्मरचा आवाज चढला, "मी पस्तीस वर्षं लोकांची पोरं नेलीत या रस्त्यांवरून. तू मला गाडी शिकवतेस?"

"गाडी तुम्ही माझ्यापेक्षा बरी चालवत असाल. पण टायरला तुमची पस्तीस वर्षं माहीत नाहीत."

हे बोलायला नको होतं. डेल्मर तिच्याकडे पाठ करून ट्रकमध्ये जाऊन बसला. आयोनानं मात्र जाता जाता पावतीच्या मागच्या बाजूला व्हर्नाचा फोन नंबर लिहून घेतला आणि ती पर्समध्ये ठेवली.

ट्रिपकडे तोड तयार होती. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये हवेच्या पिशव्या बसवायच्या. ट्रेलर टेकला की ट्रकचा मागचा भाग खाली बसतो. पिशव्यांत हवा भरली की तो पुन्हा वर येतो. "बघा, अगदी समतल! ट्रकला कळतसुद्धा नाही मागे काही आहे ते." तो हे सांगत होता तेव्हा व्हर्ना तिथंच उभी होती. पिशव्यांनी ट्रक सरळ दिसतो, एवढंच. ॲक्सल तोच, टायर तेच, ब्रेक तेच. लंगड्या घोड्याच्या खुराखाली लाकूड ठोकून तो बाजारात विकणारे तिनं लहानपणी पाहिले होते. त्यांना गावात कुणी जेवायला बोलवत नसे. ट्रिपला मात्र चर्चच्या जेवणावळीत मानाच्या जागी बसवत.

संध्याकाळच्या आत गार्लंड शेडमध्ये आला. तो आणि व्हर्ना एका वर्गात शिकलेले.

"व्हर्ना, बसव ते कपलिंग. पिशव्याही बसव."

"नाही."

"मागच्या उन्हाळ्यात त्या नेब्रास्कावाल्यांना बसवून दिलंस की. त्यांचंही वजन जास्तच होतं. काय झालं त्यांना? ख्रिसमसला कार्ड आलं!"

हा घाव वर्मी बसला, कारण तो खरा होता. नेब्रास्काचं ते कुटुंब, तीन लहान मुली मागच्या सीटवर. गार्लंडनं डोळे वटारले होते आणि व्हर्नानं मान खाली घालून बोल्ट आवळले होते. नंतर कितीतरी दिवस घास तोंडात फिरायचा. ट्रिपच्या थुंकीची तिला किळस होती. पण त्या आठवड्यात आरशातला चेहराही तिला तितकाच घाण वाटला होता.

"काही झालं नाही," ती म्हणाली. "तेवढ्यावर तू दुकान चालवतोस, गार्लंड. काही झालं नाही, एवढ्यावर."

"नोकरी नको असेल तर सांग."

"सांगतेच आहे."

तिनं स्वतःची अवजारं पेटीत भरली. घाईत दोन पाने फळीवरच राहिले. तिच्या जागी शेजारच्या गावातून एक जण बोलावला गेला आणि दोन दिवसांत प्रिचेटांचा ट्रेलर निघायला तयार झाला. डेल्मरनं एका कागदावर सही केली: ट्रक आणि ट्रेलर यांचा मेळ बसतो की नाही, याची जबाबदारी विकत घेणाऱ्याची. ती सही त्यानं न वाचता केली, असं आयोना नंतर सांगायची.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास व्हर्नाचा फोन वाजला. आयोनाचा आवाज पातळ झाला होता.

"आम्ही डोंगरात आहोत. पश्चिमेच्या उताराला. तुमचाच नंबर होता हाताशी."

"जिवंत आहात ना दोघं?"

"आहोत. तुम्ही येता का?"

पोहोचायला व्हर्नाला पावणेदोन तास लागले. शेवटच्या वळणाच्या आधीच नाकात वास शिरला. जळलेल्या ब्रेकचा, तापलेल्या रबराचा, आणि त्यांच्याखाली तिसरा एक. ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी तिथं रस्त्याच्या कडेला चढाची, खडीनं भरलेली वाट काढलेली आहे. त्या खडीत निळा ट्रक पोटापर्यंत रुतला होता. मागे ट्रेलर वाकडा. उजव्या मागच्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. ट्रेलरखालची संडासाची टाकी फुटली होती, खडीतून घाण झिरपत खाली येत होती आणि तिच्यात आयोनाचं भरतकाम केलेलं उशीचं कव्हर पडलं होतं. माश्या जमल्या होत्या.

गळपट्टीचं हाड मोडलं म्हणून आयोनाला नुकत्याच पोहोचलेल्या रुग्णवाहिकेत बसवत होते. डेल्मर एका दगडावर बसला होता, कुत्रं मांडीवर. "टायर फुटला," तो म्हणाला. "मग मागचं सगळं हलायला लागलं. मी ब्रेक दाबला तर... काही नव्हतंच तिथं. पायाखाली काही नव्हतं." तो तिच्याकडे बघत नव्हता. "ही वाट दिसली म्हणून. नाहीतर पुढे दरीच."

"वाट दिसली आणि तुम्ही घेतलीत," व्हर्ना म्हणाली. "ते सगळ्यांना जमत नाही."

तेवढ्यात ट्रकच्या खालून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. ती वाकली. चकचकीत बूट बाहेर, आणि आत, खडीत पाठीवर झोपून, ट्रिप लँगडन. डेल्मरनं दुकानालाही फोन केला होता, आणि दुकानाची ओढगाडी घेऊन तो तिच्या आधी पोहोचला होता. तो हवेच्या पिशवीचा बोल्ट सोडवत होता. एक पिशवी आधीच काढून बाजूला ठेवलेली. हातात पाना होता, व्हर्नाचा. दांड्यावर तिच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं.

"बाहेर ये," ती म्हणाली.

"दुकानाचा माल आहे, परत नेतोय. विम्याचा माणूस येईल, त्याला उगाच..."

"उगाच काय?"

"हे बघ, आजीबाई." तो सरपटत बाहेर आला, कोपराला घाण लागली होती, तरी चेहऱ्यावर हसू. "म्हातारा जोरात चालवत होता. उतारावर घाबरला. दुकानानं त्याला सगळं सांगितलं होतं, सही आहे. या पिशव्या दिसल्या की लोक नको ते प्रश्न विचारतात. त्याचाच विमा अडकेल. मी त्याचं भलंच करतोय." आणि तो थुंकला, बाटली जवळ नव्हती म्हणून आयोनाच्या उशीच्या कव्हराशेजारी.

व्हर्नाच्या पोटातून काहीतरी वर आलं. गुरांच्या ट्रकमध्ये मेलेली वासरं तिनं हातानं ओढून काढली होती, पण असं कधी झालं नव्हतं. ती दोन पावलं बाजूला गेली, वाकली, सकाळची कॉफी ओकली. मग तोंड बाहीला पुसून परत आली आणि पाना त्याच्या हातातून काढून घेतला.

"मिस्टर प्रिचेट," ती मोठ्यानं म्हणाली, "इकडे या. तुमच्या ट्रकखालून हा काय काढतोय ते स्वतः बघा."

डेल्मर आला, वाकला, बघितलं. मग ट्रिपनं काढून ठेवलेली पिशवी त्यानं दोन्ही हातांनी उचलली आणि रुग्णवाहिकेशी उभ्या असलेल्या हायवेच्या पोलिसाकडे चालत गेला. कुत्रं त्याच्या मागे.

आयोनानं रुग्णवाहिकेतून पर्स पाठवली. तिच्यात काट्याची पावती होती. व्हर्नानं ती पोलिसाला दिली आणि जे सांगायचं ते सांगितलं. नेब्रास्काच्या मुलींचंही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. पोलिसानं ते लिहून घेतलं की नाही, तिनं बघितलं नाही.

पुढं फार मोठं काही घडलं नाही. वकिलांची पत्रं गेली-आली आणि गार्लंडनं मुकाट्यानं ट्रेलर परत घेतला. दुकानावरची पाटी तीच राहिली, पुढच्या रांगा तशाच. ट्रिपला मोंटानातल्या एका मोठ्या दुकानानं जास्त पगारावर उचललं. आयोनाचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही; केस आता डेल्मर विंचरून देतो, वाईट विंचरतो असं ती म्हणते. नेब्रास्काला व्हर्नानं पत्र लिहिलं. चार ओळींचं: तुमच्या ट्रकचं वजन करून घ्या, मी तेव्हा बोलले नाही. उत्तर आलं नाही.

ती आता धान्याच्या कोठारावर कामाला आहे. शनिवारी सकाळी धान्य येत नाही, तेव्हा वजनकाटा ती ट्रेलरवाल्यांसाठी उघडा ठेवते. लोक येतात, आकडा ऐकतात, चिडतात. कुणी म्हणतं काटाच खोटा. कुणी म्हणतं, माझा मेव्हणा याहून मोठा ओढतो, त्याला काही झालं नाही. दहातले सहा तसेच निघून जातात, डोंगराकडे, शेपूट खाली आणि तोंड वर करून; आणि ती त्यांच्याकडे बघत राहते तेव्हा तिच्या तोंडाला पुन्हा तीच आंबट चव येते.

ऑगस्टच्या अखेरीस डेल्मर आला, आयोनाला शेजारी बसवून. दुरुस्त केलेल्या निळ्या ट्रकमागे बावीस फुटी, साधा ट्रेलर. आत शेकोटी नाही. त्यानं माफी मागितली नाही, इकडचं तिकडचंही बोलला नाही. आधी पुढची चाकं काट्यावर घेतली, मग मागची, मग ट्रेलर. प्रत्येक वेळी खिडकीतून मान बाहेर काढून थांबला.

"वाच," तो म्हणाला.

तिनं आकडे वाचून दाखवले. सगळे मर्यादेत होते; मागचा ॲक्सल तर सातशे पौंडांनी मोकळा.

"पुन्हा एकदा," डेल्मर म्हणाला. "हिला ऐकू आलं नाही."

आयोनाला सगळं ऐकू आलं होतं. तरी व्हर्नानं पुन्हा वाचले, पहिल्यापासून, सावकाश.