सूतभर काकांची वाकडी पट्टी

सूतभर काकांचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. आधी काकूंना खांदा हलवून उठवायचं, कारण हाक त्यांना ऐकूच यायची नाही. मग डबा, मग वर्कशॉप. करवतीच्या मशीनवर ते एकोणतीस वर्षं होते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढाही फरक त्यांना खपायचा नाही, म्हणून हे नाव. पगारातून मागे टाकत होते ते काकूंच्या कानाच्या यंत्रासाठी.

मी मशीनच्या पलीकडे उभा राहून चिरलेल्या फळ्या धरायचो.

एकदा कपाटांच्या लांब पट्ट्या बिघडू लागल्या. रुंदी सुरुवातीला बरोबर तीन इंच, शेवटी सूतभर कमी. कडा करपलेल्या.

मालक म्हणाले, "काका, डोळे गेले तुमचे. संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर उद्यापासून मशीनवर दुसरा माणूस."

"डोळे जागेवर आहेत. मशीनचं बघतो."

त्यांनी प्लग काढला. पात्याच्या एका दातावर खडूची खूण केली. तो दात पुढे आणून गाइडपर्यंतचं अंतर मोजलं. गाइड म्हणजे फळी जिला टेकवून सरकवतात ती लोखंडी पट्टी. मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजलं.

"दात बदलला की माप बदललं, ध्यानात ठेव."

दोन्हीकडे माप सारखं. पातं उतरवून घासलं. फळीची कड रंध्याने सरळ केली. एक आखूड तुकडा एकट्याने चिरला. चोख! लांब फळी लावली, मी माझ्या जागी उभा राहिलो. पुन्हा वाकडी.

काका वाकून बघत राहिले.

"तुझी कंबर कुठे आहे रे?"

"माझ्याजवळच आहे, काका."

"गाइडवर टेकलीय, गाढवा!"

खरंच. फळीचं टोक हातात आलं की मी गाइडच्या शेपटाला रेलायचो. वर्षानुवर्षांची सवय. आता तिथला नट झिजला होता, त्यामुळे माझ्या भाराने गाइड पात्याकडे सरकायचं.

मालक आले. मी तोंड उघडणार, तोच काकांनी डोळे वटारले.

"नट झिजला होता, मालक. बदललाय."

मालकांनी नव्याने चिरलेल्या चार पट्ट्या मोजल्या आणि निघून गेले. काका मशीनवर राहिले. मला मात्र महिनाभर "ए कंबर" अशी हाक होती.

पुढच्या हिवाळ्यात यंत्र आलं. काकूंनी ते कानात घातलं. काकांनी सवयीने घसा फोडून विचारलं, "येतंय का ऐकू?"

काकू दचकल्या. "अहो, ओरडता काय एवढं?"