मामांचा घोड्याचा केस

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. सकाळी आमच्या भाडेकरू रेणुकाचे मामा, महारुद्रराव, पेडगावहून आले. खिशात घोड्याच्या शेपटीचा केस आणि चेहऱ्यावर धन्वंतरीचा रुबाब.

रेणुका पिंगळीच्या शाळेत शिकवते. तिला जन्मापासून न्यूरोफायब्रोमॅटोसिस आहे. अंगभर मऊ गाठी आणि दुधाळ चहाच्या रंगाचे डाग. या आजारापायी रक्तदाब आणि डोळे ती नेमाने तपासून घेते. मांडीवरची एक गाठ मात्र दोन महिन्यांत वाढली आणि ठणकू लागली. अशी गाठ कर्करोगाची निघू शकते, म्हणून डॉक्टरांनी तिला आज एमआरआयसाठी नांदेडला बोलावले होते.

"चामखीळ हाय ती, माय," मामा म्हणाले. "केस बांधला की आठ दिवसांत गळून पडती. मशीनबिशीन कशाला?"

"गेल्या साली मानेवरच्या गाठीला तुमीच केस बांधला, मामा. ती पिकली अन् मी दहा दिवस दवाखान्यात पडले. तवा भेटायला बी आला न्हाईत."

"सोयाबीनची काढणी होती."

"मग आता बी शेतच बघा. न्हाईतर आधी तुमच्या नाकावरल्या चामखिळीला बांधा."

मामांनी नाक झाकले. स्वतःची चामखीळ तीस वर्षे जपणारा हा माणूस भाचीच्या जिवावर वैद्यकी शिकायला निघाला होता! त्यांना मी चहासुद्धा विचारला नाही.

रेणुका दहाच्या गाडीने गेली आणि तपासणी करून परतली. अहवाल गुरुवारी मिळेल. ठणकत्या मांडीने तिला वरच्या खोलीचा जिना चढायला नको, म्हणून संध्याकाळी तिची गादी आमच्या खालच्या खोलीत घातली.