पथ्य बदललं, हे स्वयंपाकघराला कोण सांगणार?

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणच म्हणत. घरी डब्याडब्यावर चिठ्ठी. "उद्या माझ्याही कपाळावर 'सासू' लिहील ही," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगत. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहितानाही तिचा हाच हट्ट: नाव वाचलं की काम कळलं पाहिजे.

सध्या तिची झोप उडवली होती दवाखान्याच्या प्रोग्रॅमनं. नर्सनं पेशंटचं पथ्य बदललं, की तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात चिठ्ठी छापून यायला हवी. पण नोंद सेव्ह झाल्यावर 'काही बदललं का?' असं विचारलं, की नोंद साळसूदपणे म्हणे, 'नाही!' सेव्ह होताच नोंदीच्या लेखी जुनं-नवं सगळं एकच. म्हणून एका सहकाऱ्यानं तोच प्रश्न सेव्हच्या आधी विचारला. मग चुकीच्या खाटेवर भरलेली नोंद सेव्ह झाली नाही, तरी चिठ्ठी सुटली, आणि चांगल्या धडधाकट आजोबांना दोन्ही वेळा बिनमिठाचं जेवण मिळालं. आजोबांनी वॉर्ड डोक्यावर घेतला!

आज शेवटची चाचणी.

"आज फसलं तर दवाखानेवाले आपला प्रोग्रॅमच काढून टाकणार," साहेब म्हणाले.

"नाही फसणार, साहेब! एका प्रश्नाचे मी दोन केलेत. 'सेव्ह व्हायचं काय राहिलंय?' हा एक. 'आत्ताच्या सेव्हमध्ये काय बदललं?' हा दुसरा. आता नोंदीच्या पोटात हात घालून जुनी माहिती उपसायला नको. सरळ विचारा, सरळ उत्तर घ्या."

"आणि जुना प्रश्न कुणी विचारलाच तर?"

"प्रोग्रॅम खडसावतो, आधीचं विचारताय की नंतरचं ते नीट सांगा!"

देवाचं नाव घेत ती स्वयंपाकघरात उतरली. तिथल्या मुख्य मावशींच्या हो-नाहीवरच सगळं ठरणार होतं; त्या कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या. "बघू तुझं यंत्र काय दिवे लावतंय!"

ठरल्याप्रमाणे वरच्या नर्सनं आधी मुद्दाम अर्धवट नोंद भरली. सेव्ह फसलं. छपाईयंत्र गप्प. मग नर्सनं नोंद पूर्ण केली, आणि यंत्र किरकिरलं! 'खाट बारा. आधी: साधं. आता: बिनमिठाचं.' नर्सनं काही न बदलता पुन्हा सेव्ह दाबलं. यंत्र पुन्हा गप्प.

"अगं बाई, आधीचं काय होतं तेही सांगतंय की!" मावशी ओरडल्या. "म्हणजे कुठलं ताट परत आणायचं तेही कळलं. राहू दे हो हे!"

"नक्की ना, मावशी?"

"आता लेखी देऊ का? जा, सांग जा तुझ्या साहेबाला." मावशी मदतनीस पोरीकडे वळल्या. "आणि तू गं, बाराचं ताट थांबव आधी!"

पदर खोचून ती जिन्याकडे पळाली. दोन-दोन पायऱ्या चढतानाच ओरडत होती, "साहेब, ठेवतायत! ठेवतायत आपला प्रोग्रॅम!"